भिंतीवरचा क्यू

१९९१ साल. कारागिराने तिसरा क्यू टेबलावर ठेवून किंमत सांगितली, तशी लेकीने आईचं कोपर दाबलं.

"बावीस हजार? एका काठीचे?"

"काठी म्हातारे घेतात, ताई. हा स्नूकरचा क्यू आहे." कारागिराच्या भुवयांपर्यंत भुसा चढला होता. "चार हजारांचा शिकणाऱ्याला पुरतो. अकरा हजारांचा क्लबात मिरवायला. हा खेळणाऱ्याचा."

"बाबा आता रिटायर झालेत. दोन डाव खेळतात आणि चार तास गप्पा मारतात. अकराचा घे ना, आई."

आईने पर्स पोटाशी धरली. पर्समध्ये चोवीस हजार होते. घरी बसून लोकांचे प्रबंध टाइप करून वीस वर्षांत साठवलेले. ते तिच्या डाव्या डोळ्यासाठी होते. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवायची तर दोन महिन्यांत ऑपरेशन करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

कारागिराने तिन्ही क्यू एकेक करून हिरव्या कापडावर घरंगळत सोडले. "वाकडा असेल तर टोक नाचतं. हा बघा, कसा शांत जातो. खेळणारा माणूस एकवेळ दात न घासता घराबाहेर पडेल, पण हे केल्याशिवाय सामना खेळणार नाही."

ती मान डोलावत होती, पण डोक्यात वजाबाकी चालली होती.

तिच्या नवऱ्याला क्लबात ओळंबा म्हणत. कुणाच्याही घरी गेला की बसण्याआधी भिंतीवरची तसबीर सरळ करायचा. पडद्याची दांडी बोटभर कलली तरी त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. आणि त्याच माणसाने जेवणाच्या टेबलासमोर एक वाकडा क्यू अठ्ठावीस वर्षं टांगून ठेवला होता. पाहुण्यांनी विचारलं की म्हणायचा, "दमट हवेने वाकला. फायनल गेली." एवढंच. मग पुढचा घास.

दमट हवेने नव्हता वाकला. १९६३ साली ती तेवीस वर्षांची होती, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नुकतीच लागली होती. स्वतःची खुर्ची, स्वतःचा पगार. ती फायनल जिंकणाऱ्याला दूरच्या शहरातल्या क्लबात नोकरी मिळणार होती. म्हणजे तिची सुटणार होती. ओळंबा दोन दिवस बाहेरगावी गेला, तेव्हा तिने क्यूला ओलं निळं फडकं गुंडाळलं आणि तो न्हाणीघरातल्या गरम पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवला. तो परतायच्या आत क्यू पेटीत गेला. गडबडीत फडकं कुठे गेलं कोण जाणे, पुन्हा सापडलं नाही.

हरून आल्यावर ओळंबा तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, "एक्स्चेंजची नोकरी सोड. घराकडे लक्ष नाही तुझं."

कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? तिने राजीनामा दिला. मग त्याची बहीण चार दिवसांसाठी म्हणून आली आणि बावीस वर्षं राहिली. मग लेकीला बाहेरगावी शिकायला पाठवायचं नाही, असं त्याने ठरवलं. दर वेळी ती तोंड उघडायची, समोर क्यू दिसायचा, आणि ती ताटं उचलून आत जायची.

"आई, डोळ्याचं काय?" लेक कुजबुजली.

"दुसरा आहे ना."

"ही काय थट्टा झाली? त्यांनी कधी साधा चष्मा तरी आणलाय का तुला?"

"तुला नाही कळायचं ते."

"कळू दे की मग! सांग!"

आईने पर्स उघडली. "बावीसचाच द्या," ती कारागिराला म्हणाली. "आणि चांगला सरळ बघून द्या."

"सरळच आहे, बाई. आत्ताच तर दाखवला."

संध्याकाळी ओळंब्याने पेटी उघडली, दोन्ही भाग जोडले आणि क्यू जेवणाच्या टेबलावर घरंगळत सोडला. टोक जराही नाचलं नाही.

"सरळ आहे," तो म्हणाला. "कितीला पडला?"

तिने सांगितलं. त्याने भिंतीवरच्या क्यूकडे पाहिलं. आता तो उतरवेल, असं तिला वाटलं.

"तोही राहू दे तिथंच," ओळंबा म्हणाला आणि हात धुवायला गेला.

लेकीने चार महिने आईशी अबोला धरला. पुढे लग्न करून दूर गेली, तिकडून पत्रं यायची ती फक्त आईच्या नावाने. कारागिराने दुकान विकलं. १९६३ची फायनल जिंकलेला माणूस तर कधीच परतला होता. दूरच्या शहरातला तो क्लब दोन वर्षांतच बंद पडला होता. तिचा डावा डोळा पुढच्या वर्षी गेला. ओळंबा नव्या क्यूने नऊ वर्षं खेळला आणि एका दुपारी क्लबातल्या खुर्चीतच गेला.

क्लबात गुण मांडणारा मार्कर तिला भेटायला आला. त्याचेही केस पांढरे झाले होते. चहा पिता पिता त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं आणि तो हसला.

"हा अजून आहे? काय थट्टेखोर माणूस होता हो, काकू! फायनलच्या आधी काकांनी हा टेबलावर फिरवला, तर टोक नुसतं नाचायला लागलं. पेटीत एक ओलं निळं फडकं होतं. ते बघत बराच वेळ बसले. मी धावत जाऊन क्लबातला सरळ क्यू आणला, तर माझ्यावरच डाफरले. म्हणाले, 'ठेव तो. समोरचा मला तसाही भारीच आहे, हरणारच आहे मी. पण याने हरलो तर ही एक हार मला घरी जन्मभर पुरेल.'"