कानामागचा दिवा

रोहिदासच्या कानामागे बसवलेला बारीक दिवा हिरवा होता. तो पाहून शालनने लेकापुढे आमटीभाताचं ताट सरकवलं, पण तोंडातून शब्द काढला नाही.

मेंदूत गर्दची तलफ उठली की दिवा लाल व्हायचा. जुने मित्र भेटले, गोदामामागची भिंत दिसली, तरी आता तो हिरवाच राहायचा. लाल व्हायचा तो फक्त आईच्या आवाजाने. सहा वर्षं तो नशा करून घरी आला की ती एकच विचारायची, "जेवलास का रे?" मेंदूने तो आवाज नशेशी जोडून टाकलाय, असं व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तेव्हापासून आठ महिने ती त्याच्याशी बोलली नव्हती.

आज रोहिदासचा घास हातातच राहिला. ओठ मिटून उभ्या असलेल्या आईकडे तो बघत राहिला, आणि दिवा लाल झाला.

"तू गप्प राहिलीस तरी मला ऐकू येतं गं, आई," तो दमलेल्या आवाजात म्हणाला.

शालन मटकन त्याच्या शेजारी बसली.

"आधी जेव," ती म्हणाली. "मग दोघं जाऊ केंद्रात."