मापाची रायफल

“पहिलीच रायफल घ्यायचीय. हिला नेमबाजी शिकायचीय,” नवरा म्हणाला आणि काउंटरवर कोपरं टेकून ऐसपैस उभा राहिला. बायको त्याच्या मागे. परवाना तिच्या नावाचा, फोटो तिचा, पण बोलणं सगळं याचं.

दुकानदाराच्या मनात पाल चुकचुकली. तीस वर्षं तो नवशिक्यांना पहिली रायफल निवडून देत होता. ज्याला शिकायचं असतं त्याचे डोळे भिंतभर भिरभिरतात. ही बाई आपली स्वतःच्या चपलांकडे बघतेय! कुठेतरी पाणी मुरत होतं.

“कुठे शिकणार, ताई?” त्याने मुद्दाम तिलाच विचारलं.

“क्लबात. दर रविवारी,” नवऱ्याने उत्तर दिलं.

“आधी कधी हातात धरलीय?”

“नाही हो. ही साधं झुरळ मारत नाही!” नवरा एकटाच हसला. भिंतीवरची एक लांब, जड रायफल त्याने आल्या आल्या हेरून ठेवली होती. “ती द्या.”

दुकानदाराने ती काढली, रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि बाईच्या हातात दिली. दस्ता, म्हणजे रायफलचा मागचा लाकडी भाग, कोपराच्या खोबणीत टेकवायचा, की बोट आपसूक चापापर्यंत पोचलं पाहिजे. हेच रायफलचं माप. बाईचं बोट चांगलं चार बोटं अलीकडेच राहिलं.

“ही तुम्हाला लांब होतेय.”

“होईल सवय,” नवरा म्हणाला. “घ्यायची तर एकदाच मोठी घ्यावी.”

“वाढत्या अंगाचा शर्ट आहे का हा? ताईंचे हात आता काही वाढायचे नाहीत.”

नवऱ्याचं तोंड आंबट झालं. दुकानदाराने खणातून एक पुठ्ठा काढला. मधोमध बटणाएवढं भोक. “ताई, हा दोन्ही हातांनी लांब धरा. दोन्ही डोळे उघडे ठेवून भोकातून त्या घड्याळाकडे बघा. आता घड्याळ न सोडता पुठ्ठा हळूहळू जवळ आणा.”

पुठ्ठा सरळ डाव्या डोळ्यावर गेला. म्हणजे नेम धरणारा डोळा डावा.

“डावखुऱ्या आहात का?”

“छे छे, उजवी आहे!” पुन्हा नवराच.

दुकानदाराने फॉर्म पुढे सरकवला. बाईने पेन उचललं, डाव्या हाताने, आणि सही केली.

“लग्नाला किती वर्षं झाली, दादा?”

“अकरा. का?”

“सहज.”

त्याने खालच्या कपाटातून आखूड दस्त्याची एक रायफल काढली. तिचा बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा खटका, डाव्या बाजूला होता. बाईने ती कोपरात टेकवली आणि बोट बरोबर चापावर येऊन बसलं. “ही तुमच्या मापाची.”

“डाव्या हाताची?” नवरा उसळला. “अहो, मग ती मला कशी...” आणि त्याने जीभ चावली.

दुकानदाराने फॉर्म शांतपणे स्वतःकडे ओढून घेतला.

“ज्याचा परवाना, त्याच्याच मापाची मिळेल. आणि ती क्लबच्या कपाटात राहील. घरी न्यायची नाही.”

“जगात तुमचं एकच दुकान नाही! चल गं.” नवरा दार आपटून बाहेर गेला आणि समोर गाडीजवळ उभा राहून त्याने सिगरेट पेटवली.

बाई जागची हलली नाही. “काका,” ती पहिल्यांदाच बोलली, “मला खरंच शिकायचंय. ही ठेवाल माझ्यासाठी?”

दुकानदाराला एकदम भरून आलं. बिचारी! ही असली बंदूक त्या माणसाच्या घरात गेली असती तर? बरं झालं, वेळेवर वास आला. “ठेवतो की! रविवारी थेट क्लबात या, मी स्वतः शिकवीन,” असं म्हणत त्याने पेनाचं टोपण काढलं आणि फॉर्मवर रायफलचा नंबर लिहायला घेतला. दोन आकडे लिहून त्याने मान वर केली.

बाईने पुठ्ठा पुन्हा उचलला होता. आधी लांब धरून, मग हळूहळू डाव्या डोळ्याजवळ. काचेपलीकडे नवरा सिगरेट झटकत दोन पावलं बाजूला सरकला. पुठ्ठाही त्याच्याबरोबर नेमका तेवढाच सरकला आणि थांबला. हाताला जराही कंप नव्हता. तिने श्वास रोखून धरला होता.

श्वास रोखायचं दुकानदाराने तिला अजून शिकवलंच नव्हतं.

त्याने पेनाला टोपण लावलं.