वाटणीचं कुंपण

वाटणीनंतर अंगणाच्या मधोमध घातलेली लोखंडी जाळी गंजली होती. थोरला भाऊ आपल्या बाजूने तिला रंग देत होता, आणि ओघळ धाकट्याच्या बाजूला उतरत होते.

"माझ्या फरशीवर अजून एक थेंब पडला तर हात तोडीन!"

"तोड की! बायकोला विचारून आलायस ना?"

धाकट्याने जाळीवरून उडी टाकली आणि गंज खरवडायची पाती उचलून सरळ भावाच्या गालावर ओढली. रक्त पाहून थोरल्याचं भान सुटलं. त्याने शेजारी पडलेला हातोडा घेतला आणि धाकट्याच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडलं. धाकटा मागे कोसळला, डोकं खांबावर आपटलं आणि तो हलेनासा झाला.

"भाऊजी, मारलंत हो यांना!" पलीकडून धाकट्याच्या बायकोने हंबरडा फोडला.

थोरल्याने त्याच हातोड्याने जाळीचे बोल्ट तोडले. जाळी आडवी करून तिच्यावर भावाला घेतलं, आणि तो आणि भावजय ती स्ट्रेचरसारखी उचलून दवाखान्याकडे धावत सुटली. "देवा, माझं काय हवं ते ने, पण एवढ्याला वाचव," थोरला रडत म्हणत होता.



वाटेत धाकट्याने डोळे किलकिले केले. "दादा, तुझा सगळा रंग माझ्या पाठीला लागला रे. आता परत मारशील?"