मोठा टर्बो

१९८४ साली एका शेटच्या शर्यतीच्या गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा, जळाला. शेटनी चौक गावच्या गॅरेजात दोन नवे पाठवले, एक लहान, एक मोठा. सोबतचं इंग्रजी माहितीपत्रक वाचायला धर्माजी मेकॅनिकनं मला, शाळामास्तरला, बोलावलं.

"मला लहान बरा वाटतो, मास्तर. मोठा उशिरा जागा होतो न् ऐन वळणात एकदम जोर लावून गाडी ढकलतो."

"पण मोठ्यात ताकद जास्त, असं इथं छापलंय."

"छापलंय? मंग माझंच चुकत असंल," म्हणत त्यानं मोठा बसवला.

शर्यतीत गाडी वळणावरच उलटली. चालवणारा शेटचा मुलगा गेला.



"मोठा कुणी निवडला?" फौजदारानं विचारलं. धर्माजी माझ्याकडे न बघता "मी" म्हणाला, आणि मी चष्मा पुसत राहिलो.