एखादा गुंठा

वारज्यातली सगळी जमीन बिल्डरला विकून रंगराव फ्लॅटमध्ये राहायला आले, पण वर्षभरातच त्यांचा जीव कासावीस व्हायला लागला. मुळशीकडे दोन एकर भाताचं शेत विकाऊ होतं. त्यांनी सौदा ठरवला आणि कागद करायला रजिस्ट्री कचेरीत गेले.

"काका, शेतकरी असल्याचा पुरावा?" कारकुनानं विचारलं.

"आता ह्यो काय पुरावा? चाळीस वर्सं शेतीच केलीया."

"केली असेल हो. आज तुमच्या नावावर सातबारा आहे का?"

"हुता. समदी जमीन इकली."

"मग तुम्ही आता शेतकरी नाही. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. विकताना एखादा गुंठा तरी मागे ठेवायचात!"

महिनाभरानं ते शेत सुदर्शननं घेतलं. हा रंगरावांच्याच सोसायटीतला, हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारा मुलगा. गावाकडच्या पडीक जमिनीच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव होतं, त्यामुळे काहीच अडलं नाही. ती जमीन त्यानं अजून पाहिलेलीसुद्धा नव्हती.

लिफ्टमध्ये भेटल्यावर तो म्हणाला, "काका, भात नेमका लावतात कधी? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कुणी कामाला माणूस मिळेल का?"

रंगराव त्याच्याकडे वळले.

"म्या येतो की. पर कागद कंचं लागतील?"

सुदर्शनला हसू आलं. "मजुराला कसले कागद, काका?"