शेजारच्या विश्वातली निधनवार्ता

शेजारच्या विश्वातलं वर्तमानपत्र सांगलीच्या वाचनालयात रोज दुपारी चारला पडद्यावर उतरायचं, आणि लोक आधी निधनवार्तांचं पान उघडायचे. आपल्याकडे लवकर गेलेलं माणूस तिकडे किती जगलं, ते तिथंच कळायचं ना!

आज केतकीने द्वारकापणजीला आणलं होतं. पणजीची थोरली बहीण वत्सला पाठ्यपुस्तकात होती. बाराव्या वर्षी तिने चार वर्षांच्या द्वारकेला पुरातून काढलं आणि स्वतः वाहून गेली. "माझ्यापायी गेली, नाहीतर किती जगली असती," असं पणजी आयुष्यभर म्हणत आली होती.

आज ते नाव आलं. केतकी वाचू लागली, "चंद्रावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या महिला वत्सला घोरपडे यांचे शहाण्णवाव्या वर्षी वृद्धापकाळाने निधन झाले."

"चंद्रावर? आमची वत्सी?" पणजी हसली. "अगं, चिंचेवर चढायला घाबरायची ती." मग ती हळूच म्हणाली, "शेवटची ओळ वाच. पश्चात कोण कोण?"

"दोन मुलगे, सुना, नातवंडं." केतकीचा आवाज बारीक झाला. "बहीण नाही गं."

"मग मधलं वाच."

"लहानपणी पुरात गेलेल्या धाकट्या बहिणीचे, द्वारकेचे नाव त्यांनी चंद्रावरच्या एका विवराला दिले होते."

पणजी काठी टेकत दाराशी गेली. उन्हातच फिकट चंद्र उगवला होता.

"कुठल्या बाजूला गं?"

"पणजी, आपल्या चंद्रावर ते नाव नाहीये."

"नसू दे. खड्डा तर असेल ना?"

केतकीने वर पाहिलं, आणि तीही शोधू लागली.