पत्र्याचा मुकुट

कन्नड तालुक्यातल्या एका गावात जत्रेचं नाटक रंगलं होतं. मेंढरं राखणाऱ्या मुंजाबाचा आवाज लई दणदणीत, म्हणून राजा तोच. डोक्यावर शहरातल्या औरंगपुऱ्याच्या बाजारातून भाड्यानं आणलेला पत्र्याचा मुकुट, गळ्यात काचेचे हिरे. सरदार झालेल्या बद्रीनाथनं, पाटलाच्या पोरानं, त्याला मुजरा करायचा होता. तो समोर आला आणि दातओठ खात पुटपुटला, "मेंढक्यापुढं मी वाकू व्हय?" त्यानं मुंजाबाच्या छातीत लाथ घातली. मुकुट घरंगळला. दुसरी लाथ तोंडावर बसली, दात तुटला. नाटकातलीच मारामारी समजून लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. मुंजाबानं रांगत जाऊन मुकुट उचलला. चेपलेल्या पत्र्यानं कपाळ फाटलं, तरी त्यानं तो दाबून बसवला. सिंहासनावर बसून, रक्त थुंकून तो गरजला, "सरदार, मुजरा राहिला!" "मुजरा! मुजरा!" गावानं गलका केला. पहिल्या रांगेतून खुद्द पाटील ओरडला, "बद्र्या, लेका, वाक की!"